काळ्या सालीआडचं ट्रायफायलाइट : दुर्मीळ फॉस्फेट खनिज जागेवर कसं ओळखावं

ट्रायफायलाइट शोधायला निघालेला माणूस पहिल्या खेपेला बहुधा ते तुडवूनच पुढे जातो. पुस्तकातल्या छायाचित्रात निळसर करड्या रंगाचा, तुकतुकीत फुटलेला तुकडा असतो आणि डोळे तोच रंग शोधत राहतात. जमिनीवर मात्र ते काजळी फासल्यासारख्या काळ्या, ओबडधोबड गोळ्याच्या रूपात पडलेलं असतं. म्हणून हे खनिज ओळखायची सुरुवात त्याच्या रंगापासून करू नये. आधी ते कुठे असू शकतं ते पाहावं, मग ते कुजल्यावर कसं दिसतं ते पाहावं आणि शेवटी ताज्या फुटीकडे वळावं. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

ट्रायफायलाइट म्हणजे लिथियम आणि लोहाचं फॉस्फेट. लोहाच्या जागी मॅंगनीज वाढत गेलं की त्याचं लिथिओफायलाइट होतं. या दोन टोकांमध्ये मिश्रणाच्या सगळ्या पायऱ्या सापडतात. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या नमुन्यांवरून खनिजशास्त्रज्ञ योहान फुक्स यांनी 1834 मध्ये याचं वर्णन केलं. त्यात लोह, मॅंगनीज आणि लिथियम अशी तीन धातूंची कुळं नांदतात म्हणून ग्रीकमधल्या ‘तीन कुळं’ या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव पडलं. एकंदर पृथ्वीचा विचार केला तर हे दुर्मीळ खनिज आहे, पण योग्य पेग्मटाइटात त्याचे मीटरभर रुंदीचे गोळेसुद्धा निघतात. म्हणून शोधायचा तो योग्य पेग्मटाइट.

कोणत्या खडकात पाहायचं

पेग्मटाइट म्हणजे ग्रॅनाइटाच्या कुळातला, अतिशय भरड कणांचा खडक. त्यातली फेल्स्पार, क्वॉर्ट्झ आणि अभ्रक दुरूनही वेगवेगळी दिसतात. मात्र बहुतेक पेग्मटाइटांमध्ये फॉस्फरस असला तरी तो ॲपेटाइटात अडकलेला असतो, कारण कॅल्शियम मिळालं की फॉस्फेट आधी त्याच्याशीच जोडी जमवतं. शिलारस निवत निवत शेवटाला येतो तेव्हा कॅल्शियम जवळपास संपलेलं असतं आणि लिथियम, मॅंगनीज, लोह, बेरिलियम यांचं प्रमाण वाढलेलं असतं. तेव्हा कुठे फॉस्फेटाला लोह-मॅंगनीज-लिथियमशी जुळवून घ्यावं लागतं आणि ट्रायफायलाइट तयार होतं. हे एवढं कारण नीट ध्यानात ठेवलं तरी निम्मी पायपीट वाचते.

जागेवर याचा अर्थ असा, की खडकात बेरिलचे षट्कोनी खांब, पापुद्र्यांच्या पात्यांचा पांढरा अल्बाइट, लिथियमचं खनिज असलेलं स्पोड्युमीन, काळं टुर्मलीन किंवा कोलंबाइटाच्या काळ्या पाट्या दिसल्या तर थांबावं. नुसतं गुलाबी फेल्स्पार आणि काळं अभ्रक असेल तर फार वेळ घालवू नये. थांबल्यावर क्वॉर्ट्झचा गाभा शोधावा. मोठ्या पेग्मटाइटात मधोमध शुद्ध क्वॉर्ट्झचा पांढरा किंवा धुरकट पट्टा असतो आणि त्याच्या भोवती फेल्स्पारचे मोठाले ठोकळे असतात. फॉस्फेटाचे गोळे बहुतेक वेळा या गाभ्याच्या कडेला किंवा त्याच्या लगतच्या पट्ट्यात बसलेले असतात. जुन्या खाणीत हा भाग आधीच खोदून गेलेला असतो, कारण कामगार बेरिल आणि फेल्स्पारच्या मागे तिथेच पोहोचलेले असतात. मग त्यांनी बाजूला फेकलेला टाकाऊ ढिगारा हीच खरी जागा. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली पालेर्मो खाण, बव्हेरियातलं हागेनडॉर्फ, दक्षिण डाकोटातले ब्लॅक हिल्स, र्‍वांडातलं बुरांगा ही फॉस्फेटांसाठी नावाजलेली ठिकाणं सगळी याच जातीच्या पेग्मटाइटांची आहेत.

जायच्या आधी जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यावी. सोडून दिलेल्या भुयारात शिरू नये. हातोडा चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण क्वॉर्ट्झची कपची काचेसारखी धारदार उडते.

कुजलेलं रूप वाचायला शिका

मला विचाराल तर ट्रायफायलाइट ओळखण्याची गुरुकिल्ली त्याच्या कुजण्यात आहे. ताजं खनिज दहा खनिजांसारखं दिसतं, कुजलेलं मात्र जवळजवळ कशासारखंच दिसत नाही.

पाणी आणि हवा लागली की दोन गोष्टी बरोबर घडतात. स्फटिकातलं लिथियम हळूहळू बाहेर पडतं आणि मागे राहिलेलं लोह व मॅंगनीज ऑक्सिडीभूत होतं. सांगाडा बव्हंशी तसाच राहतो. पहिल्या पायरीवर थोडं लिथियम जातं आणि खनिज तपकिरी होतं. त्याला फेरीसिक्लेराइट म्हणतात. पुढे सगळं लिथियम गेलं की जांभळं हेटेरोसाइट उरतं, आणि मॅंगनीज जास्त असेल तर पर्प्युराइट. या उतरंडीला स्वीडनमधल्या वारुट्रेस्कच्या पेग्मटाइटावर काम करणाऱ्या पर्सी क्वेन्सेल आणि ब्रायन मेसन यांच्या नावांनी क्वेन्सेल-मेसन क्रम म्हणतात. पर्प्युराइटाला नाव मिळालं ते 1905 मध्ये, उत्तर कॅरोलिनातल्या किंग्ज माउंटनजवळच्या नमुन्यांवरून, ग्रॅटन आणि शॅलर यांच्याकडून.

हे वाचताना एखाद्याला बॅटरी आठवेल, आणि ते बरोबरच आहे. 1997 मध्ये पदार्थवैज्ञानिक जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी ज्या लिथियम-लोह-फॉस्फेटाचा विद्युतघटात वापर सुचवला, त्याची रचना ट्रायफायलाइटाचीच आहे. बॅटरी चार्ज होते तेव्हा त्यातून लिथियम निघून जातं आणि हेटेरोसाइटाच्या घडणीचं लोहफॉस्फेट मागे राहतं. आपण चार्जर लावून तासाभरात जे करतो ते खडकात पाऊसपाणी अतिशय सावकाश करत असतं. मला हे नातं फार प्रिय आहे. ढिगाऱ्यावरचा जांभळा तुकडा उचलला की तो पूर्ण चार्ज झालेला आहे, असंच मनात येतं.

आता गोळा हातात घ्या. सर्वांत बाहेर मॅंगनीज ऑक्साइडाची काळी साल असते. ती बोटाला काजळीसारखी लागते. साल खरवडली किंवा कडेचा टवका उडवला की आत तपकिरी किंवा जांभळा थर दिसतो आणि गोळा मोठा असेल तर मधोमध करडा, ताजा गाभा. काळं, तपकिरी-जांभळं, करडं असे हे कांद्यासारखे थर एकाच तुकड्यात दिसले तर ओळख जवळपास पटली म्हणायची. प्रत्येक गोळ्यात तिन्ही थर नसतात. लहान गोळा आतपर्यंत जांभळा झालेला असतो आणि खोल खाणीतून नुकताच निघालेला गोळा नुसता करडा असू शकतो.

जांभळा दिसला की कस घ्या. झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यावर तो ओढा. हेटेरोसाइटाची रेघ लालसर जांभळी उमटते. लेपिडोलाइट आणि फ्लुओराइट ही जांभळी दिसणारी नेहमीची खनिजं, पण दोन्हींची रेघ पांढरी येते. शिवाय लेपिडोलाइट अभ्रकासारखं पापुद्र्यांनी सुटतं आणि फ्लुओराइट चार दिशांनी फुटतं. जांभळ्या रेघेची ही परीक्षा पाच सेकंदांत होते आणि तिच्याइतकी भरवशाची दुसरी परीक्षा जागेवर मला तरी माहीत नाही.

तपकिरी थर फसवा असतो. फेरीसिक्लेराइटाचा कस पिवळट तपकिरी येतो आणि गंजासारख्या लिमोनाइटाचाही तसाच येतो. तिथे पाटन पाहावं, म्हणजे खनिज ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटतं का ते. लिमोनाइट मातकट असतं, त्याला पाटन नसतं. फेरीसिक्लेराइटात मूळ ट्रायफायलाइटाच्या सपाट पातळ्या शाबूत असतात. तुकडा उन्हात फिरवला की त्या एकदम एका दिशेने चमकतात.

आणखी एक खूण म्हणजे भेगांमधली रंगीत पुटं. पिवळट-हिरवं, शेवाळ्यासारखं पूट मिट्रिडाटाइटाचं असतं आणि ते दुरूनही दिसतं. माझी नजर ढिगाऱ्यावर आधी त्यालाच शोधते. हिरवट-काळे, चक्राकार पसरलेले तंतू रॉकब्रिजाइट किंवा ड्युफ्रेनाइटाचे. पोकळीतल्या सोनेरी केसांच्या गुच्छांना कॅकॉक्सेनाइट म्हणतात. निळ्या पापुद्र्यांचं, नखाने ओरखडणारं खनिज बहुधा व्हिव्हियानाइट. सफरचंदी हिरवा लुडलामाइट, गुलाबी-नारिंगी ह्युरोलाइट, फिकट जांभळा स्ट्रेन्गाइट हे सगळे याच गोळ्याच्या मोडतोडीतून जन्मतात. त्यांची नेमकी नावं जागेवर लावायचा अट्टहास करू नका. दोन-तीन अनोळखी रंग एका भेगेत एकत्र दिसणं हीच फॉस्फेटाची खूण समजा. नुसत्या मॅंगनीजच्या काळ्या डागात असा रंगांचा मेळा भरत नाही.

ताज्या तुकड्याची तपासणी

गोळा फोडून करडा गाभा मिळाला की दहापट भिंग काढा. ट्रायफायलाइटाचा रंग निळसर करडा ते हिरवट करडा. लिथिओफायलाइट मधासारखं, लवंगी तपकिरी किंवा फिकट केशरी-गुलाबी दिसतं. दोन्हींची चमक काचेसारखी, पण तिच्यावर तेलाचा हात फिरवल्यासारखी झाक असते. पाटनाच्या दोन दिशा काटकोनात असतात. त्यातली एक सरस, आरशासारखी आणि दुसरी जरा कमी प्रतीची. कस पांढरा ते करडट.

मग चाकू. मोह्सच्या 1 ते 10 मापावर कठिनता 4 ते 5 असल्यामुळे पोलादी चाकूने ओरखडा उठतो, तांब्याच्या नाण्याने उठत नाही. ही एकच कसोटी फेल्स्पार, क्वॉर्ट्झ, बेरिल, स्पोड्युमीन आणि गार्नेट या पाचही खनिजांना बाद करते, कारण ती सगळी चाकूला दाद देत नाहीत. ओरखडा काढून बोट फिरवून खात्री करा. कठीण खनिजावर चाकूचंच पोलाद झिजून करडी रेघ उठते आणि ती ओरखड्यासारखी भासते. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे.

चाकूने ओरखडणाऱ्यांमध्ये तीन स्पर्धक उरतात. ॲपेटाइट निळसर-हिरवं असू शकतं आणि तेही फॉस्फेटच, पण त्याला चांगलं पाटन नसतं, कठिनता काठावरची 5 असते आणि त्याच्याभोवती काळी-जांभळी साल येत नाही. स्फॅलेराइट तपकिरी लिथिओफायलाइटासारखं दिसतं. ते सहा दिशांनी फुटतं आणि त्याच्या चुऱ्यावर आम्लाचा थेंब टाकला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. सिडेराइटाची पाटनं तिरकी, समांतरभुज आकाराची असतात आणि कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ते फसफसतं. ट्रायफायलाइट आम्लात विरघळतं, पण बुडबुडे येत नाहीत.

आता वजन. ही कसोटी लोक कंटाळून सोडतात, खरं तर ती फार बोलकी आहे. फेल्स्पारचं विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते) साधारण 2.6, क्वॉर्ट्झचं 2.65 आणि ट्रायफायलाइटाचं 3.4 ते 3.6. म्हणजे 200 घन सेंटिमीटरचा मुठीएवढा फेल्स्पार 520 ग्रॅमचा भरेल आणि तेवढंच ट्रायफायलाइट 700 ग्रॅमचं. एका हातात फेल्स्पार आणि दुसऱ्यात संशयित तुकडा घेतला तर फरक मनगटाला कळतो. आकडा हवा असेल तर छोटा ताणकाटा आणि पाण्याचं भांडं पुरे. एका ढिगाऱ्यावर पावसानंतर मिळालेला, साल पूर्ण काढलेला तुकडा मी असा मोजला होता. हवेत वजन 86 ग्रॅम भरलं. दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवला, तळाला टेकू दिला नाही, चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने झटकले, तेव्हा वजन 61.5 ग्रॅम आलं. घट 24.5 ग्रॅम. 86 ला 24.5 ने भागलं की 3.51 येतात. तो तुकडा फेल्स्पारचा असता तर घट 33 ग्रॅमच्या आसपास आली असती. सच्छिद्र, कुजलेल्या तुकड्यावर हे करू नका, छिद्रांतल्या हवेमुळे आकडा घसरतो. फेल्स्पार चिकटलेला असेल तरीही तेच होतं.

ज्योत आणि थेंब

पुढच्या दोन परीक्षा मुक्कामाच्या जागी, वारा नसताना, हातमोजे आणि चष्मा घालून कराव्यात.

पहिली ज्योतीची. ताज्या खनिजाची पातळ कपची चिमट्यात धरून छोट्या गॅस-दिव्याच्या ज्योतीत न्या. ट्रायफायलाइट सहज वितळतं आणि वितळताना ज्योतीत लिथियमच्या किरमिजी लाल रेघा उठतात. ज्योतीच्या बाहेरच्या कडेला फॉस्फेटाची फिकट निळसर-हिरवी छटा दिसते. हे दोन्ही रंग एकाच ज्योतीत पाहण्यासाठी खोली अंधारी हवी आणि चिमटा आधी तापवून स्वच्छ केलेला हवा, कारण हाताच्या घामातल्या मिठाचा पिवळा रंग लाल रंगाला गिळून टाकतो. लाल रंग क्षणभरच टिकतो, म्हणून परीक्षा दोन-तीनदा करावी. मागे राहिलेला काळा मणी गार झाल्यावर चुंबकाजवळ न्या. लोह भरपूर असेल तर तो चिकटतो. मॅंगनीजच्या बाजूचा मणी तपकिरी राहतो आणि चुंबकाला फारसं जुमानत नाही. जांभळ्या हेटेरोसाइटावर मात्र लाल ज्योतीची अपेक्षा ठेवू नका, त्यातलं लिथियम केव्हाच वाहून गेलेलं असतं. नवखे लोक नेमका सुंदर जांभळा भाग तापवतात आणि लाल रंग दिसला नाही म्हणून तुकडा टाकून देतात.

दुसरी परीक्षा फॉस्फेटाची. काचेच्या पट्टीवर चिमूटभर पूड घ्या, तिच्यावर सौम्य नायट्रिक आम्लाचा थेंब टाका, जरा थांबा आणि मग अमोनियम मॉलिब्डेटाच्या द्रावणाचा थेंब सोडा. पिवळाधमक साका बसला की फॉस्फेट आहे. शेजारी दोन पट्ट्या आणखी ठेवाव्यात, एकीवर खात्रीचं ॲपेटाइट आणि दुसरीवर क्वॉर्ट्झ. पहिली पिवळी झाली नाही तर द्रावण खराब झालेलं आहे, दुसरी पिवळी झाली तर पट्टी अस्वच्छ आहे. आर्सेनेट खनिजंही पिवळा साका देतात, पण त्यांना सहसा उष्णता लागते, म्हणून पट्टी तापवू नका. ही परीक्षा फक्त ‘फॉस्फेट आहे’ एवढंच सांगते. ॲपेटाइटाचा बारीक कण पुडीत मिसळला तरी ती होकार देईल, तेव्हा पूड भिंगाखाली निवडून घ्यावी.

याच गोळ्यांच्या आसपास युरेनियमची खनिजंही असतात. चौकोनी, पिवळट-हिरव्या पातळ चकत्या दिसल्या आणि त्या अतिनील दिव्याखाली झगझगीत पिवळ्या-हिरव्या उजळल्या तर ते ऑट्युनाइट समजा. ते किरणोत्सारी आहे. ते चाटू नये, फुंकू नये, त्याची पूड करू नये. हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

कोणतं नाव लिहायचं

इतकं सगळं जुळलं तरी चिठ्ठीवर ‘ट्रायफायलाइट-लिथिओफायलाइट मालिका’ असं लिहावं. रंग आणि मण्यावरून कल कळतो, पण लोह जास्त की मॅंगनीज जास्त हे डोळ्यांनी ठरत नाही. जांभळ्याच्या बाबतीतही ‘हेटेरोसाइट-पर्प्युराइट’ असं जोडनावच प्रामाणिक ठरतं. 1878 मध्ये कनेटिकटमधल्या ब्रांचव्हिलच्या एकाच पेग्मटाइटातून जॉर्ज ब्रश आणि एडवर्ड डाना यांनी लिथिओफायलाइटासह मॅंगनीजची अनेक नवी फॉस्फेटं वर्णिली, तीही प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करण करूनच. आज क्ष-किरण विवर्तनाने रचना कळते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मशलाकेने लोह-मॅंगनीजचं प्रमाण कळतं. लिथियम मात्र त्या सूक्ष्मशलाकेला दिसत नाही, आणि हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रालाही नाही. यंत्राने लोह, मॅंगनीज, फॉस्फरस दाखवले आणि लिथियम दाखवलं नाही म्हणून ट्रायफायलाइट नाकारू नका. लेसरच्या ठिणगीवर चालणारं हाती यंत्र लिथियम दाखवतं.

चिठ्ठीवर नावासोबत गोळा पेग्मटाइटाच्या कोणत्या पट्ट्यात होता, क्वॉर्ट्झच्या गाभ्यापासून किती अंतरावर होता, शेजारी कोणती खनिजं होती, हे त्याच दिवशी लिहा. ढिगाऱ्यावरून उचलला असेल तर तसं लिहा. निळा पडणारा व्हिव्हियानाइट लगेच काळ्या कागदात गुंडाळा, कारण उजेडाने तो गडद होत जातो आणि पुढे तडकतो.

आणि आम्लाबद्दल एक कळकळीची सूचना. विक्रीला असणारे झगझगीत जांभळे तुकडे बहुधा सौम्य आम्लात बुडवून काढलेले असतात. आम्लाने वरचं तपकिरी-काळं पूट जातं आणि जांभळा उठून दिसतो. मीही एकदा एक अख्खा गोळा असाच आम्लात सोडला. सकाळी तो सुंदर जांभळा झाला होता, पण त्याच्या भेगांतलं पिवळट-हिरवं पूट आणि एका पोकळीतले सोनेरी तंतू दोन्ही नाहीसे झाले होते. त्या तंतूंची तपासणी मी केलेली नव्हती. त्या गोळ्यात आणखी काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून गोळा आधी मधोमध फोडतो. एक अर्धुक धुऊन, घासून, हवं तर आम्लातून काढून पाहायला ठेवतो. दुसरं अर्धुक जसं जमिनीतून आलं तसं, मातीसकट, काळ्या सालीसकट कागदात बांधतो आणि दोन्हींवर एकच क्रमांक घालतो.